गजकर्ण : आधी बाहेर शिजवायचं, मग खायचं

मंडळी, आज राजकारण नाही. आज गजकर्णाचा इतिहास. हसू नका. पावसाळ्यात जांघ खाजवत नाही असं कोणी घरात नाही, हे छातीठोक सांगणारे किती निघतील?

रोगजंतू म्हटलं की आपल्याला पाश्चर, कॉख आठवतात. कॉखचं अँथ्रॅक्सचं काम 1876 चं. त्याच्या कितीतरी आधी, 1837 मध्ये, बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक या तरुणाने डोक्यावरच्या पिवळ्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि त्यात बुरशीचे धागे पाहिले. हा फेव्हस नावाचा आजार, गजकर्णाचाच भाऊबंद. पुढे खात्रीसाठी पठ्ठ्याने ती बुरशी स्वतःच्या हातावर लावून घेतली! 1841 मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबीनेही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. माणसाचा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो, याच्या अगदी पहिल्या पुराव्यांपैकी हे. रेमाक ज्यू होता, त्याला पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळालं नाही. बुरशीला त्याने नाव दिलं तेही स्वतःचं नाही, आपल्या वरिष्ठ शोनलाइनचं.

ही बुरशी जगते कशावर? केराटिनवर. आपली नखं, केस, त्वचेचा वरचा मेलेला थर, सगळं केराटिन. गंधकाच्या बंधांनी इतकं घट्ट विणलेलं की आपल्या पोटातही ते पचत नाही. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. म्हणून ती आधी सल्फाइट बाहेर सोडते, त्याने गंधकाचे बंध सैल होतात. मग प्रोटिएज नावाची एन्झाइम्स सोडते, ती केराटिनचे बारीक तुकडे करतात, आणि ते तुकडे ती शोषून घेते. बाहेर शिजवायचं, मग खायचं. मधला भाग साफ दिसतो आणि कड लाल, खाजरी, ती का? ही कड म्हणजे पुढे सरकणारी बुरशी आणि तिच्याशी भिडलेली आपली प्रतिकारशक्ती.

आता मेडिकलवाल्याकडे या. ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की बरेचदा हातात पडते ती स्टेरॉइड मिसळलेली. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, गिऱ्हाईक खूश. झालेलं असतं एवढंच की आपला पहारेकरी झोपवलाय. बुरशीचं जेवण चालूच. असं रूप पालटलेलं गजकर्ण ब्रिटनच्या दोन डॉक्टरांनी 1968 मध्येच नोंदवलं आणि नाव दिलं ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण. आपल्याकडे क्लोबेटासोलसारखी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला 2018 मध्ये. पन्नास वर्षांनी! पाळतं कोण, ते तुम्हीच आपल्या चौकात बघा.

तोवर बुरशीही शहाणी झाली. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या एका एन्झाइमवर वार करून तिची पेशीभित्तिका नव्हे, तर पेशीचं आतलं पटल बनवणं बंद पाडतं. त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेली, औषधाला न जुमानणारी जात 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी वेगळी ओळखली. नमुने एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाचे. नाव ठेवलं ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’. त्या ‘इंडो’मध्ये आपण आहोत. आज ही जात युरोप-अमेरिकेतही सापडते.

तुमच्या घरात जी ट्यूब आहे ना, तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर खाली कमेंटमध्ये लिहा, आणि ती ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळाली का, तेही.