देशपांडे (आडनाव)

देशपांडे : महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक व तेलंगणात आढळणारे, वतनी हुद्द्यावरून रूढ झालेले आडनाव. परगण्याच्या वसुलीची जबाबदारी देशमुखाची, तर जमाबंदीचे दप्तर व हिशेब देशपांड्याचा. गावात पाटील-कुलकर्ण्यांचे जे नाते, तेच परगण्यात या दोघांचे. हुद्दा वंशपरंपरेने चाले. जिथे परगणा तिथे देशपांडे, त्यामुळे आडनाव एक असले तरी कुळे व गोत्रे वेगवेगळी आहेत. बहुतेक कुटुंबे ब्राह्मण असून चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंतही हे आडनाव सापडते.

साहित्य : या आडनावाचे दोन मोठे कवी वऱ्हाडातले. नागोराव घनश्याम ऊर्फ ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली केली. त्यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे घरोघरी पोचली. त्याच नावाचा संग्रह मात्र १९५४ मध्ये निघाला. ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘कंचनीचा महाल’ या संग्रहाचे नाव मेहकरातील जुन्या वास्तूवरून आले आहे.

आत्माराम रावजी देशपांडे ऊर्फ ‘अनिल’ (१९०१–८२) यांचा जन्म मूर्तिजापूरचा. मुक्तछंद रुजवणाऱ्या या कवीने दहा ओळींची ‘दशपदी’ मराठीत आणली. त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ चा अकादमी पुरस्कार लाभला. ते १९५८ च्या मालवण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या पत्नी, समीक्षक-कथाकार कुसुमावती देशपांडे, १९६१ मध्ये ग्वाल्हेरला संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांनी कविता इंग्रजीत व कथा-कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्यामुळे हे आडनाव विनोदाशी जोडले गेले.

क्रीडा : उदय देशपांडे यांनी दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरातून मल्लखांबाचा प्रसार केला व अंध मुलांनाही तो शिकवला. त्यांच्या पुढाकाराने पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर भरली. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. कल्याणचा वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे (ज. १९९५) याने २०२३ च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून २१ बळी घेतले. पुढच्या वर्षी रणजी उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने १२३ धावा केल्या. दहाव्या क्रमांकावरील तनुष कोटियननेही शतक ठोकले. शेवटच्या दोन्ही फलंदाजांची शतके एकाच डावात लागण्याचा असा योग प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये त्यापूर्वी एकदाच, १९४६ साली सरवटे-बॅनर्जी जोडीने ओव्हलवर साधला होता. जुलै २०२४ मध्ये हरारे येथे झिंबाब्वेविरुद्ध तुषारने भारताकडून टी-२० पदार्पण केले.