मूळगाठी (कडधान्यांच्या)

हरभरा, तूर, मूग, भुईमूग, सोयाबीन अशा शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर रायझोबियम गटातील जिवाणूंमुळे येणाऱ्या गाठी. हवेतील नत्राचा येथे अमोनिया होतो आणि तो पिकाच्या उपयोगी पडतो. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. पण त्याच्या रेणूतील तिहेरी बंध वनस्पतीला तोडता येत नाही. त्यासाठी लागणारे नायट्रोजिनेज हे विकर काही सूक्ष्मजीवांकडेच असते.

गाठींचे हे कार्य हेलरीगेल व विलफार्ट या जर्मन संशोधकांनी १८८६ मध्ये जाहीर केले. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ मध्ये गाठींतील जिवाणू वेगळे करून वाढवले.

नत्राची उणीव भासली की मुळांतून फ्लॅव्होनॉइड द्रव्ये पाझरतात. ती ओळखणारे जिवाणू उलट रासायनिक संकेत सोडतात. मग मुळावरील केस वाकून जिवाणूंना वेढतो आणि आत तयार होणाऱ्या बारीक नळीतून ते खोल पेशींत उतरतात. भुईमुगात मात्र ते उपमुळे फुटताना पडणाऱ्या फटींतून शिरतात.

या सहजीवनाचा खरा पेच ऑक्सिजनचा आहे. नायट्रोजिनेज ऑक्सिजनने निकामी होते. पण नत्राचा एक रेणू फोडण्यास किमान १६ एटीपी रेणूंची ऊर्जा लागते आणि ती मिळवण्यासाठी जिवाणूंना श्वसन करावेच लागते. गाठीतील लेगहीमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते व बेताबेताने पुरवते. ते आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनचे नातलग असल्याने कार्यक्षम गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसते. हिरवट पडलेली गाठ थकलेली असते. शेतात उभ्या उभ्या करता येणारी इतकी नेमकी परीक्षा दुसरी क्वचितच असेल.

पिकांच्या प्रत्येक गटाचा जिवाणू ठरलेला असतो. हरभऱ्याचा सोयाबीनला चालत नाही, म्हणून बीजप्रक्रियेसाठी त्या त्या पिकाचेच जिवाणूखत घ्यावे आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. नत्रखत जास्त झाल्यास गाठी कमी धरतात.

कडधान्याचा बेवड, म्हणजे पुढच्या पिकावर होणारा परिणाम, चांगला, हा अनुभव खरा आहे. पण बांधलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबर शेताबाहेर जातो. जमिनीला मिळतो तो मुळे, गाठी व पाल्यातला. तुरीचा पाला शेतातच गळतो, म्हणून तिचा बेवड विशेष लाभतो. हरभरा मुळासकट उपटून भुसाही बाहेर नेला, तर मागे फारसे काही उरत नाही.