कुरणात भरलेली शाळा

ज्ञानरचनावाद हा शब्द आपल्या शाळांत रुळला तो २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर. अर्थ सोपा आहे: मूल कोरी पाटी नसते, त्याला जे ठाऊक आहे, तिथून पाठ आखावा.

काम मात्र त्याहून जुने. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ सोबतीला आल्या. माँटेसरीची महाग साधने खेड्याला परवडत नव्हती, म्हणून बिया, खडे, शिंपले हीच मोजणीची साधने झाली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडला गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायची, शाळेत येईनात. मग शाळाच कुरणात गेली. गुरे चरत, मुले शिकत.

आपल्या वेळी अनसिंग अकोला जिल्ह्यात होते. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली काही बाके रिकामी पडत. त्यांतली काही पुन्हा भरलीच नाहीत. किती किलो वेचले, किती मजुरी झाली, हा हिशेब त्या मुलांना तोंडी येत असे. गणिताचा पाठ तिथूनच सुरू करता आला असता. सर-बाईंनी आपल्याला भरभरून दिले. मेळाव्याच्या यादीत ज्यांची नावे नाहीत, तेही आपलेच वर्गमित्र आहेत.