दीड दिवसाची काशी

काशीत दीड दिवस राहून काशीविषयी लिहिणे हा आगाऊपणाच आहे. तरीही लिहितो आहे, कारण गेली अनेक वर्षे वर्गात उच्चारीत आलेल्या एका वाक्याचा त्या दीड दिवसाशी संबंध आहे. एकनाथी भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला वाराणसीत पूर्ण झाले, असे आपण सारेच शिकवतो. एका चर्चासत्रानंतर परतीच्या गाडीपर्यंत थोडा वेळ हाती उरला, तेव्हा या वाक्याखालची भूमी पाहावी अशी इच्छा झाली.

प्रत्यक्षात पाहिली ती गर्दी. गोदौलियाच्या चौकापासून दशाश्वमेध घाटापर्यंत आपण चालत नाही, लोटले जातो. सायंकाळच्या आरतीला दिव्यांइतकेच भ्रमणध्वनीचे पडदे उजळलेले असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे नाव केली. नावाड्याच्या लेखी प्रत्येक घाट पाच हजार वर्षांचा होता. मी मनातल्या मनात सनावळी लावीत होतो आणि ती फारच जवळची निघत होती.

आजचे विश्वेश्वराचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधविले. म्हणजे ते पुण्याच्या शनिवारवाड्याहून धाकटे. पूर्वीचे मंदिर औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ मध्ये पाडले गेले आणि तेथे उभी राहिलेली मशीद आजही शेजारीच आहे. शिखरावरचे सोने रणजितसिंहांच्या काळातले, एकोणिसाव्या शतकातले. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडप बायजाबाई शिंद्यांनी १८२८ मध्ये उभारला. आजच्या थाटाची गंगाआरती रुजली १९९० च्या दशकात, आणि गंगेपासून मंदिरापर्यंतचा प्रशस्त मार्ग दाट वस्तीतील अनेक घरे पाडून डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सनातन म्हणविणाऱ्या या नगरीत नदीकाठावर जे उभे दिसते, त्यातले बहुतेक गेल्या तीनशे वर्षांतले आहे.

शिंदे घाट, भोसले घाट, अहल्याबाई घाट ही नावे ऐकताना मराठी मन सुखावते. पण काशी आपल्या सत्तेखाली यावी ही पेशव्यांची इच्छा कधीच पुरी झाली नाही. शहर अवधच्या नवाबाकडून १७७५ मध्ये कंपनीकडे गेले. अहल्याबाईंनी बांधले ते दुसऱ्याच्या राज्यात. जिंकलेल्या नगरीत बांधणे आणि न जिंकलेल्या नगरीत बांधणे यांतला फरक आपल्या अभिमानकथांत सहसा हरवतो.

याहून मागे गेले की दोन पैठणकर भेटतात. पैठणहून काशीत आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट सोळाव्या शतकातील थोर धर्मशास्त्री. १६७४ चा राज्याभिषेक करविणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नारायणभट्टांनी 'त्रिस्थलीसेतु' संस्कृतात लिहिला. त्याच शतकात, त्याच नगरीत पैठणचे एकनाथ भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणीत होते. प्राकृतात लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि अखेरीस ग्रंथाचा गौरव केला, ही कथा पुढच्या चरित्रकारांची. तिचा तपशील पुराव्याने सिद्ध करता येत नाही. पण एकाच गावची दोन माणसे दोन भाषांत लिहीत होती, एवढे खरे.

'त्रिस्थलीसेतू'तील एक विचार मला नावेत पुन्हा आठवला. राजसत्तेच्या जुलमामुळे लिंग जागेवर नसेल, तरी त्या स्थानाची पूजा-प्रदक्षिणा करावी, असा निर्वाळा नारायणभट्ट देतात. देऊळ पडेल, पुन्हा उठेल. येणाऱ्याने येत राहावे. मग काशीत सर्वांत जुने काय? कदाचित हे येणेच. ज्या गर्दीवर मी आदल्या संध्याकाळपासून चिडलो होतो तीच येथली सर्वांत प्राचीन वास्तू असावी, आणि मीही तिच्यातलाच एक दगड.

एकनाथांनी ज्या जागी लेखणी ठेवली ती मला सापडली नाही. दोन-तीन ठिकाणी विचारले. कोणालाच सांगता आले नाही. घाटाच्या पायऱ्यांवर मात्र एका आजींनी प्लॅस्टिकचा कॅन माझ्यापुढे धरला. मी मराठी आहे हे त्यांनी कसे ओळखले, कोण जाणे.

"एवढं झाकण घट्ट लावून दे रे बाळा. घरी सासूबाई आहेत, नव्वदीच्या. त्यांना कुठं आता येववतंय?"

सत्तावनच्या धामधुमीतून वाट काढीत वरसईच्या विष्णुभट गोडशांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड पायी कोकणात नेली होती. 'माझा प्रवास'मधील तो भाग मी साहस म्हणून शिकवीत आलो. झाकण आवळताना कळले की तो साहसाहून साधा होता.

पुढच्या वर्षीही वर्गात ते वाक्य म्हणेन. 'वाराणसीत पूर्ण झाले' यापुढे एवढेच जोडीन, की पैठणला न थांबता तो माणूस तेथे गेला, आणि तेथल्या गर्दीत बसून त्याने घरी राहिलेल्यांच्या भाषेत लिहिले.