मोतिया की सोनफिया?

गेल्या दिवाळीत शहाद्याहून तोरणमाळला जात होतो. घाटात फोटो काढायला गाडी थांबवली आणि कडेच्या उंच गवताचा एक तुरा सहज हातात चुरगळला. वास चक्क गुलाबाचा! म्हणजे अगदी गुलाब नाही, गुलाबावर थोडं लिंबू पिळल्यासारखा. ड्रायव्हर म्हणाला, "रोशा शे हाई, दादा." आजी गुडघ्यांना जे रोशा तेल चोळायची ते ह्याच गवताचं, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं.

पुण्याला परत आल्यावर १८८० चं खानदेश गॅझेटियर उघडलं. (विकेंडला लोक सिनेमे बघतात, मी गॅझेटियर वाचतो. असो.) नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, पण गॅझेटियरमधली तेलाची गावं ओळखीचीच निघाली: नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी आणि आज धुळे जिल्ह्यात असलेलं पिंपळनेर. भट्ट्या किती, तर १९७!

पावसाळा संपत आला की मुसलमान कारागीर भिल्लांकडून कापलेलं गवत विकत घ्यायचे आणि लाकूड-पाणी मुबलक असेल अशा ओढ्याकाठी भट्टी लावायचे. मोठ्या हंड्यात गवत ठासून भरायचं, पाणी घालायचं, वर झाकण ठेवून कणकेनं लिंपायचं. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघून दुसऱ्या बंद हंड्यात जायची. हा दुसरा हंडा वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला. वाफ नळीतून आली की थंड होऊन पाणी, आणि त्याच्यावर तेल. कंडेन्सर म्हणून अख्खा ओढा! इंजिनिअरिंगला लॅबमध्ये आम्ही काचेच्या नळ्या फोडत होतो, त्यापेक्षा हे डिझाइन कितीतरी सरस वाटलं मला.

तेल बुधल्यांत भरून सुरत, मुंबईकडे जायचं. तिथले व्यापारी त्यात भुईमुगाचं तेल, नाहीतर टर्पेंटाइन मिसळायचे. मुंबईहून ते तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे इस्तंबूलला पोचायचं. तिथे लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळून, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा घालवत आणि मग बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. म्हणजे भेसळीतही भेसळ. युरोपात त्याला 'टर्किश जिरेनियम ऑइल' म्हणत. त्यात ना काही तुर्की, ना जिरेनियम! ऑस्कर याकोबसेन ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८७१ मध्ये भारतातल्या ह्याच प्रकारच्या गवती तेलातून त्याच्या सुवासाचा मुख्य घटक वेगळा काढला, आणि त्या चुकीच्या नावावरूनच त्याचं 'जिरॅनिऑल' असं नामकरण झालं. गुलाबातही जिरॅनिऑल असतंच, म्हणून तर भेसळ खपायची.

शास्त्रज्ञांकडे गवताच्या नावाचा घोळ काही कमी नव्हता. टिपूविरुद्धच्या लढाईत कंपनीच्या फौजेबरोबर गेलेल्या क्लॉड मार्टिन ह्या मूळच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याला बालाघाट मुलुखात एक गवत दिसलं. जनावरं त्यावर तुटून पडत आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येई. त्यानं बी लखनौला नेऊन लावलं आणि कलकत्त्याला रॉक्सबर्गकडे पाठवलं. रॉक्सबर्गच्या १८२० मध्ये छापलेल्या ग्रंथात ते 'अँड्रोपोगॉन मार्टिनी' झालं. तरी पुढे कित्येक वर्षं लोक त्याला 'शीनँथस' म्हणत राहिले. ते खरं तर अरबस्तानातलं वेगळंच गवत. हा गुंता नीट सोडवला १९०६ मध्ये, क्यू इथल्या ऑटो स्टाफनं. आज आपलं गवत 'सिंबोपोगॉन मार्टिनी' आहे.

एवढे हुशार लोक एका गवतापाशी का अडले? तर गवताच्या फुलाला पाकळ्याच नसतात. परागीकरण वारा करतो, मग नटायचं कुणासाठी? ओळखायचं ते तूस, कुसळ अशा तिळाएवढ्या गोष्टींवरून. लव्हाळा गवतापासून वेगळा काढणं त्या मानानं सोपं: त्याचा दांडा तिकोनी, भरीव आणि पेरं नसलेला. पण गवतांमधली भावकी लावणं अवघड. रोशाची कणिसकं जोडीनं येतात, एक बिनदेठाचं, एक देठाचं. ज्वारी, ऊस, मका ह्याच भावकीतले. म्हणजे शहाद्याच्या शेतातला ऊस आणि अक्राणीच्या डोंगरावरचा रोशा चुलतभाऊच! रोशाच्या तुऱ्यातल्या प्रत्येक जोडकणसाखाली नावेच्या आकाराचं छोटं पान असतं. 'सिंबोपोगॉन'चा अर्थ नाव आणि दाढी.

आता मुख्य भानगड. खानदेशातले भट्टीवाले सांगत की तुरा कोवळा, निळसर-पांढरा असताना गवत 'मोतिया' आणि पिकून लाल झालं की तेच 'सोनफिया'. मोतियाचं तेल नाजूक, महाग. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच प्रोग्रामची दोन व्हर्जन्स. विसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मात्र म्हणाले की मोतिया आणि सोफिया हे दोन वेगळे प्रकारच आहेत, म्हणजे फोर्क. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर ठोंबांनी वाढतो, सोफिया ओलसर, दाट जंगलात. फुलं बघून फरक कळत नाही, पण पेशीत डोकावलं तर मोतियात २० गुणसूत्रं आणि सोफियात थेट ४०. तेलही वेगळं: मोतियाचं ते पामारोझा, सोफियाचं जिंजरग्रास. नावं भट्टीवाल्यांचीच उचलली, अर्थ मात्र बदलला.

भट्टीवाले चुकले असं मला सरळ म्हणवत नाही. तुरा पिकताना लाल होतो हे खरंच आहे, आणि तेलाचा वास त्यांच्याइतका कुणी घेतला होता? माझा अंदाज असा, की भिल्लांनी डोंगरावरून आणलेल्या भाऱ्यांत दोन्ही प्रकार मिसळलेले असणार. कुठला भारा कुठल्या उतारावरचा हे कापणाऱ्याला माहीत, पण गॅझेटियरनं माहिती नोंदवली ती तेल काढणाऱ्यांची.

घाटातला तो तुरा मी वहीत ठेवलाय. रंग तांबूस, म्हणजे भट्टीवाल्यांच्या हिशेबानं सोनफिया. पण तोडला होता उघड्या, कोरड्या उतारावरच्या ठोंबातून, म्हणजे शास्त्रज्ञांच्या हिशेबानं मोतिया. वास अजून येतोय.