गव्हाणीपाशी गायिलेली अंगाई

नाताळच्या मध्यरात्री आपण ‘सायलेंट नाइट’ भक्तिभावाने गातो. परंतु त्याचा कवी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

जोसेफ मोर यांचा जन्म १७९२ साली साल्झबर्ग येथे एका गरीब, अविवाहित मातेच्या पोटी झाला. सैनिक असलेला पिता पळून गेलेला. अशा जन्मामुळे गुरुविद्यालयात प्रवेश घेण्यासाठीही त्यांना खास परवानगी मिळवावी लागली.

ही कविता त्यांनी १८१६ साली लिहिली. २४ डिसेंबर १८१८ रोजी ओबेर्नडॉर्फ येथे शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांनी तिला चाल दिली आणि त्याच रात्री दोघांनी गिटारच्या साथीने ती गायिली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्याची कथा आपण आवडीने सांगतो. तिला मात्र पुरावा नाही.

गीत दूरदेशी पोहोचले, कवी मागे राहिला. १८४८ साली वाग्राइन येथे त्यांचे निधन झाले. चाल हायडनची असावी, असेही लोक मानू लागले. अखेर १८५४ साली ग्रुबर यांनी सत्य लिहून ठेवले. १९९५ साली मोर यांच्याच हस्ताक्षरातील प्रत उजेडात आली आणि त्या सत्याला दुजोरा मिळाला.

ज्याच्या पाळण्यापाशी पिता नव्हता, त्यानेच गव्हाणीतील बाळासाठी अंगाई रचली. येत्या नाताळी ती गाताना आपण या धर्मगुरूंसाठीही एक प्रार्थना करू या.