ठेवा आणि त्याची राखण

उपासनेच्या जुन्या वस्तू केवळ काळाच्या ओघात नष्ट होत नाहीत. आपली अनास्थाही त्यास कारण होते. गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत उभे राहिले. लिस्बनच्या गुलबेंकियन प्रतिष्ठानाचे साहाय्य त्यास लाभले. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविण्यात आले.

परंतु वस्तू काचेआड ठेवल्या म्हणजे त्या सुरक्षित झाल्या असे नव्हे. कोकणच्या दमट हवेत लाकडी मूर्ती फुगतात, वाळवी त्यांना पोखरते, चांदी काळवंडते, जरीची उपासनावस्त्रे विरतात. त्यासाठी शास्त्रशुद्ध नोंदवही, प्रशिक्षित माणसे, अखंड निधी आणि पहारा लागतो. २०१२ मध्ये चोरट्यांनी तेथील पहारेकऱ्याचा जीव घेतला. ठेवा राखण्याचे मोल एका मनुष्याने प्राण देऊन चुकविले. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये दालने पुन्हा खुली झाली.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामाच्या सॅक्रिस्तीतही असा ठेवा असेल. जुना चषक मोडीत काढण्यापूर्वी, मूर्तीवर ऑइलपेंट चढविण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा. प्रत्येक वस्तूची छायाचित्रासह नोंद करावी. पूर्वजांनी ज्या वस्तूंसमोर गुडघे टेकले, त्यांची राखण करणे ही सेवाच होय.